इंजिनातील संहिता आणि दोन कलमे

‘साहित्य म्हणजे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे पहिल्याच वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत येतो आणि त्याचे उत्तर लिहिताना विद्यार्थी संस्कृत काव्यशास्त्रापासून रशियन रूपवाद्यांपर्यंत सर्वांना साक्षीला बोलावतो. भारतीय संसदेने दिलेले उत्तर मात्र कोणी उद्धृत केलेले आमच्या पाहण्यात नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील ‘साहित्यकृती’ची व्याख्या, पुढील दुरुस्त्यांसह वाचली तर, असे सांगते की संगणकाच्या आज्ञावली, तक्ते आणि माहितीची संकलने यांचाही समावेश साहित्यकृतींत होतो. म्हणजे कवितासंग्रहाला जे संरक्षण आहे तेच मोटारीच्या इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या छोट्या संगणकातील आज्ञांना आणि आकड्यांच्या तक्त्यांनाही आहे. कायद्याच्या लेखी ते साहित्यच होय.

ही केवळ वकिली शब्दांची गंमत आहे असे समजून पुढे जाता येईल. आम्हांला तसे करावेसे वाटत नाही. एखादी गोष्ट साहित्यकृती मानली की तिच्या संदर्भात लेखक, वाचक, संपादक, पाठभेद, प्रक्षेप हे सगळे प्रश्न उभे राहतात आणि हे प्रश्न विचारण्याची सवय यंत्रवाल्यांपेक्षा आपल्याला अधिक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही एकच वस्तू समोर ठेवणार आहोत. टर्बो बसवलेल्या मोटारीचा मूळ संगणक काढून त्याच जागी, त्याच कपलरला जोडता येणारा दुसरा संगणक बाजारात मिळतो. गाडीची ताकद वाढवण्याचे वेड असलेले लोक तो बसवतात. या कृतीकडे वाचन-लेखनाचा व्यवहार म्हणून पाहिले तर काय दिसते, हा आमचा विषय आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. इंजिनाची ताकद जळणाऱ्या इंधनातून येते आणि इंधन जळायला हवा लागते. टर्बोमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून आत भरते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे हे यंत्र अक्षरशः टाकाऊतून ताकद काढते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. परंतु दाब आणि उष्णता वाढली की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता भलत्याच वेळी पेटू लागते. त्याला मेस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टन फुटतो. म्हणून हवा किती दाबावी, इंधन किती सोडावे, ठिणगी नेमकी केव्हा टाकावी हे प्रत्येक क्षणी ठरवावे लागते. ते ठरवणारा तो संगणक, ईसीयू.

तो ठरवतो कसा? त्याच्याजवळ तक्ते असतात. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत हवेचा दाब किंवा इंजिनावरील भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. अमुक फेऱ्यांना, अमुक भाराला, अमुक इंधन. दोन चौकटींच्या मधली स्थिती आली तर तो मधला आकडा स्वतः काढतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते, परंतु टर्बोच्या पूर्ण दाबाखाली तक्त्यात अनेकदा १२ च्या आसपासचे प्रमाण लिहिलेले असते, कारण जादा पेट्रोल आतली उष्णता शोषून घेते. म्हणजे हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत. प्रत्येक आकडा हा एक निर्णय आहे. कोणीतरी महिनोन्‌महिने चाचणी घेऊन, जोर, उष्णता, धूर, इंधनाचा खर्च आणि धातूचे आयुष्य यांचा तोल साधत तो लिहिलेला आहे.

येथे आपल्या परिचयाची एक संकल्पना उपयोगी पडते. वोल्फगांग इझरने मांडलेला ‘अभिप्रेत वाचक’ आपण वर्गात शिकवतो. कंपनीचा अभियंताही एका अभिप्रेत चालकासाठी लिहीत असतो. हा चालक तेल वेळेवर बदलणार नाही, त्याला कधीतरी भेसळीचे पेट्रोल मिळेल, मे महिन्याच्या उन्हात तो पाच माणसे बसवून एसी लावून घाट चढेल, आणि तरीही इंजिन टिकले पाहिजे. म्हणून तक्त्यातला प्रत्येक आकडा थोडा हात राखून लिहिला जातो. गाडीची ताकद वाढवणाऱ्याचे म्हणणे नेमके असे असते, की तो अभिप्रेत वाचक मी नव्हे. मी तेल वेळेवर बदलतो, चांगले पेट्रोल भरतो. तेव्हा माझ्यासाठी राखून ठेवलेला हात सोडा. ट्यूनिंगच्या सगळ्या व्यवसायाचे मूळ या एका युक्तिवादात आहे आणि तो युक्तिवाद मूर्खपणाचा नाही.

हा हात सोडवून घेण्याच्या तीन रीती आहेत. पहिली म्हणजे रीमॅप. यात संगणक मूळचाच राहतो, त्यातील तक्ते वाचून काही आकडे बदलून पुन्हा आत लिहिले जातात. हे संपादन झाले. दुसरी रीत म्हणजे ट्यूनिंग बॉक्स. ही डबी संगणक आणि त्याला माहिती पुरवणारे सेन्सर यांच्या मध्ये बसते आणि संगणकाला खोटे सांगते. दाब प्रत्यक्षापेक्षा कमी आहे असे ऐकून संगणक बिचारा अधिक इंधन सोडतो. हा दुभाष्याचा लबाडपणा आहे, संहितेला हात न लावता तिचा अर्थ बदलण्याचा. तिसरी रीत म्हणजे मूळ संगणकच काढून टाकणे. न्यूझीलंडची लिंक, ऑस्ट्रेलियाची हॅलटेक, जपानची एपेक्सी अशा कंपन्यांनी सुबारू, निस्सान, मित्सुबिशी यांच्या टर्बो गाड्यांसाठी असे संगणक बनवले. वायर कापावी लागत नाही, जुना कपलर नव्या डबीत बसतो. लॅपटॉप जोडला की सगळे तक्ते समोर उघडतात आणि प्रत्येक चौकटीत आकडा भरता येतो.

या तिसऱ्या रीतीकडे आमचे लक्ष विशेष गेले, कारण तिच्या मुळाशी वाचनाची अडचण आहे. मूळ संगणकातील संहिता कुलूपबंद असते. तिच्यात शेकडो तक्ते असतात, त्यांची नावे मालकाला सांगितलेली नसतात, एका तक्त्याचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो ते कळत नाही. जे वाचता येत नाही त्याचे संपादन कसे करणार? म्हणून नवी पोथी, कोऱ्या पानांची, जुन्या बांधणीत. यात एक मोठी हानी आहे. मूळ अभियंत्याने थंडीत इंजिन सुरू कसे करावे, एसी लावल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून काय करावे, एखादा सेन्सर मेला तर गाडी घरापर्यंत कशी न्यावी, अशा शेकडो प्रसंगांवर लिहिलेले सगळे शहाणपण कचऱ्यात जाते. नव्या लेखकाला ते पुन्हा लिहावे लागते आणि बहुधा तो ते अर्धवटच लिहितो. ज्यात डॅशबोर्ड, ब्रेक, एसी, चोरीप्रतिबंधक यंत्रणा ही सर्व एकमेकांशी एका तारेवर सतत बोलत असतात अशा नव्या गाड्यांत तर परक्या संगणकाला त्या संभाषणात स्थान मिळवणेच कठीण होऊन बसते.

आपल्याकडे संपूर्ण संगणक बदलण्याची चाल मुख्यतः शर्यतीच्या गाड्यांपुरती राहिली. रस्त्यावरच्या गाड्यांत रीमॅप आणि डबी यांचाच संचार अधिक. पण त्यातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, कारण या हौसेची लाडकी इंजिने आणि गाड्या पुण्याच्या आसपासच घडल्या. चाकणला बनलेली फोक्सवागन पोलो ही २०१३ पासून टर्बो पेट्रोल इंजिनासह मिळू लागली आणि २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. रांजणगावला बनणारे फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन इंडिका व्हिस्टापासून पुंटोपर्यंत अनेक गाड्यांत बसले. या इंजिनाच्या एका आवृत्तीची ताकद ७५ अश्वशक्ती होती, दुसरीची ९०. या फरकातला काही भाग धातूचा होता, कारण मोठ्या आवृत्तीचा टर्बो वेगळा होता. उरलेला भाग तक्त्यांचा होता. एकच इंजिन, दोन पाठ. आकृती कोठे संपते आणि आशय कोठे सुरू होतो हा आपला जुना वाद लोखंडातही संपलेला नाही, असे यावरून म्हणता येईल.

पाठभेदाचा विषय निघाला की मराठी वाचकाला एकनाथ आठवणारच. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रतींत शिरलेले अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तिच्यात आपल्या ओव्या घुसडू नयेत असे बजावले. या घटनेतून आपण सहसा निष्ठेचा धडा घेतो. आम्हांला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकनाथांना हे करता आले, कारण पोथी त्यांना वाचता येत होती, एका प्रतीला दुसरी लावून पाहता येत होती. संहिता उघडी असते तेव्हाच तिचे रक्षणही होऊ शकते. कुलूपबंद संहितेत प्रक्षेप झाला तर तो कोणाला दिसणार? आणि प्रक्षेप खुद्द मूळ लेखकानेच केला असेल तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने फोक्सवागनच्या डिझेल गाड्यांविषयी जो आरोप केला तो नेमका हाच होता. गाडी प्रयोगशाळेत तपासली जात आहे की रस्त्यावर धावत आहे हे संगणक ओळखत असे. स्टिअरिंग हलते का, वेळ आणि अंतर यांचे प्रमाण चाचणीच्या ठरीव आलेखाशी जुळते का, यावरून तो अंदाज घेई. चाचणी असेल तर धूर स्वच्छ, रस्ता असेल तर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी पट. हा लबाडपणा संहितेत लिहिलेला होता आणि त्या भागाला दिलेले नाव ध्वनीशी संबंधित होते, जणू इंजिनाच्या आवाजाची काही व्यवस्था तेथे केली आहे. शब्दाने अर्थ लपवण्याचे इतके नमुनेदार उदाहरण शैलीविज्ञानाच्या पुस्तकातही सापडणार नाही.

या प्रकरणाचा एक धागा पुण्यात येतो. वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ या वाहनसंशोधन संस्थेने भारतातल्या गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. पुढे मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की चोरी संहिता वाचून पकडली गेली नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांच्या एका लहान चमूने धूर मोजणारी यंत्रे गाडीतच बसवून ती लांबच लांब रस्त्यांवर पळवली, तेव्हा आकडे जुळेनात. संगणकातील मजकूर प्रत्यक्ष उलगडून तो लबाडपणा कसा लिहिला होता हे इतर संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. वाचणारे आले ते चोरी उघडकीला आल्यावर दोन वर्षांनी. तोवर आपण सर्वांनी त्या लेखकावर विश्वास ठेवला होता.

आता बिद्रीकडे येऊ. कागल तालुक्यातले हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे जिल्हाभर परिचित आहे. टर्बो मोटारींच्या हौसेशी या गावाचा काय संबंध, असे कोणी विचारील. गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रेलर ओढत जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग पाहिली की संबंध कळतो. तेथेही टर्बो आले आहेत. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे निकष लागू झाले आणि ते पाळण्यासाठी या वर्गातल्या ट्रॅक्टरांत संगणकावर चालणारी डिझेल यंत्रणा आली. तोवर डिझेल पंप हे लोखंडी यंत्र होते. ते उघडता येई, त्यातला स्क्रू फिरवता येई. जादा ऊस ओढायचा म्हणून तो फिरवून डिझेल वाढवून घेण्याची चाल सर्वांना ठाऊक आहे आणि त्या ट्रॅक्टरांमागून दुचाकीवर जाणाऱ्यांनी त्या काळ्या धुराचा प्रसादही घेतलेला आहे. म्हणजे मालकाने यंत्रात स्वतःचा मजकूर लिहिणे ही गोष्ट संगणकाबरोबर आलेली नाही. नवे आहे ते यंत्र वाचता न येणे.

हंगामातल्या बिघाडाचा अर्थ उसाच्या प्रदेशातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. तोडलेला ऊस थांबत नाही. तो वाळतो, त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. तोडणीची टोळी बसून राहते. जुन्या ट्रॅक्टरचा पंप बिघडला तर गावातला किंवा तालुक्यातला मेस्त्री रात्रीत तो उतरवत असे. संगणकाने एखादा सेन्सर चुकीचा ठरवून इंजिनाची ताकद आवळून धरली, तर मेस्त्रीकडे अनुभव असतो, हत्यारे असतात, पण वाचनाची परवानगी नसते. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत ऊस वाळत राहतो. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी जॉन डिअर कंपनीशी याच कारणावरून अनेक वर्षे भांडण केले आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. भांडण दूरचे आहे असे समजण्याचे कारण नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक परिमाण आहे. येथील उद्योग उघडून पाहण्याच्या सवयीवर उभा राहिला. शिवाजी उद्यमनगरातील फाउंड्र्या आणि ऑइल इंजिनांची कारखानदारी परदेशी यंत्र खोलून, मोजून, ओतकाम करून शिकलेल्या माणसांनी वाढवली. बाबूराव पेंटरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. शेजारच्या किर्लोस्करवाडीत त्याच वर्षी, १९२० मध्ये, ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक निघाले आणि त्यातून मराठी वाङ्मयाला वळण देणारे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. नांगर आणि मासिक एका आवारात निघत असतानाच्या त्या काळात यंत्र वाचणारा आणि मजकूर वाचणारा यांच्यात आजच्याएवढी भिंत नव्हती. यंत्र वाचता आले म्हणून ही माणसे घडवू शकली. आज त्यांच्या नातवंडांच्या पिढीला यंत्र विकत घेता येते, चालवता येते, पण त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाचता येत नाही. आमच्या मते यात पणाला लागलेली गोष्ट एका जिल्ह्याची शिकण्याची पद्धत आहे.

कायदा काय म्हणतो? येथे एक विलक्षण योग जुळून आला आहे. प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ वाचनाची मुभा देते. आज्ञावली कायदेशीररीत्या बाळगणारा माणूस तिच्या मुळाशी असलेली तत्त्वे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास आणि परीक्षण करू शकतो. आपली स्वतंत्र आज्ञावली तिच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ती कृतीही तो करू शकतो. दुसऱ्या कंपनीचा संगणक गाडीच्या इतर यंत्रणांशी बोलता करणे ही नेमकी अशीच कृती आहे. २०१२ च्या दुरुस्तीने डिजिटल कुलूप तोडण्याला शिक्षा आणली, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडलेल्या कुलपापुरती. दुसरीकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचेही कलम ५२ आहे आणि ते लेखनाला मनाई करते. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

दोन कायदे, दोन कलम ५२. एक म्हणते वाचा, दुसरे म्हणते लिहू नका. वकिलांना यात विसंगती दिसेल, आम्हांला यात शहाणपण दिसते. आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. यंत्रातील संहिता वाचण्याचा मालकाचा आणि त्याच्या मेस्त्रीचा हक्क निरपवाद असला पाहिजे. ती बदलून सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याचा हक्क मात्र सशर्तच असला पाहिजे. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रताधिकाराच्या नियमांना वाहनांच्या बाबतीत जी सवलत मिळाली तिचा आशयही जवळपास असाच होता: स्वतःच्या गाडीचे वा ट्रॅक्टरचे निदान आणि दुरुस्ती यांसाठी, तसेच कायद्यात बसणाऱ्या बदलांसाठी, कुलूप उघडा. धुराचे नियम मात्र जागच्या जागी राहतील.

लेखनाच्या हक्काला अट का, हे सांगणे भाग आहे. स्वातंत्र्याची बाजू घेणारे आमचे काही मित्र म्हणतील, की गाडी माझी, पैसे माझे, फुटला तर पिस्टन माझा. हा युक्तिवाद पिस्टनपुरता खरा आहे. कवितेतला अपपाठ वाचणाऱ्याच्या फुफ्फुसात शिरत नाही, तक्त्यातला शिरतो. इंधन वाढवले, धूर गाळणारी यंत्रणा संगणकाच्या दृष्टीआड केली, तर त्याची किंमत मागून येणारा सायकलवाला भरतो, आणि त्याने ही संहिता निवडलेली नसते. शिवाय पीयूसीच्या तपासणीत हे पकडले जाईल अशी आशाही नको. ती तपासणी पेट्रोल गाडीचे उभ्या स्थितीतील काही वायू आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता पाहते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी तीत नाही, आणि टर्बोच्या पूर्ण दाबाखाली घाटात काय होते ते तर तिला कळतच नाही. बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, नव्या गाड्यांची चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावर घेण्याचा नियम आला, हा फोक्सवागन प्रकरणाचाच धडा. पण तो गाडी विकण्यापूर्वीचा नियम आहे. विकल्यानंतर मालकाने काय लिहिले ते पाहणारे कोणी नाही.

ज्यांना लिहायचेच आहे त्यांच्यासाठी जागा असावी. शर्यतीचा बंदिस्त मार्ग ही अशी जागा आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धा ही दुसरी. स्वतः घडवलेल्या गाडीचे तक्ते स्वतः भरताना विद्यार्थ्याला एका आकड्याची जबाबदारी कळते. २००१ च्या सुमारास दोन अमेरिकी हौशी अभियंत्यांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा, स्वतः जुळवण्याचा इंजिन-संगणक लोकांपुढे ठेवला, तेव्हा शिकणे हा त्यामागचा मोठा हेतू होता. पुढे ‘स्पीडुइनो’सारख्या पूर्णपणे खुल्या आज्ञावली आल्या. तेथे ओळ आणि ओळ वाचता येते. टर्बोवेड्यांच्या या जगात आम्हांला सर्वांत आदरणीय वाटते ते हे, की कोणीतरी संहिता उघडी ठेवण्याचे व्रत घेतले.

उलट बाजूचा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. कंपन्या म्हणतील, की वाचनाची मुभा दिली की लेखन आलेच, कुलूप एकच आहे. हे तांत्रिकदृष्ट्या पूर्ण खरे नाही. दोषांचे संकेत, सेन्सरांची मोजमापे, वायरिंगचे नकाशे, प्रत्येक तक्त्याचा अर्थ हे सारे, आत लिहिण्याची किल्ली न देताही वाचू देता येते. ग्रंथालयात पुस्तक वाचायला मिळते म्हणून कोणी त्यात पेनाने ओळी घालण्याचा हक्क मागत नाही. आणि दुसरे म्हणजे, वाचन बंद केल्याने लेखन थांबलेले नाही हे डोळ्यांसमोर आहे. थांबले आहे ते जाणते लेखन. ज्याला तक्त्याचा अर्थ कळत नाही तो कोठून तरी उतरवून घेतलेली परक्या गाडीची फाइल आपल्या गाडीत भरतो, नाहीतर मूळ संगणकच काढून फेकतो. अज्ञानातून आलेला पाठ जाणकाराच्या पाठापेक्षा अधिक धूर सोडतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला. त्यासाठी निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही होती. त्या वर्षअखेरीस एक संकेतस्थळही सुरू झाले. सुरुवात चांगली आहे, परंतु कंपनीने आपणहून दिलेल्या माहितीवर ते अवलंबून आहे आणि कायद्याचे पाठबळ त्यामागे अजून नाही. आमची मागणी यापुढची आहे. संगणकावर चालणारे प्रत्येक वाहन आणि ट्रॅक्टर विकताना त्याच्या निदानाची संपूर्ण माहिती, राज्याच्या भाषेत, मालकाला आणि कोणत्याही मेस्त्रीला रास्त किमतीत उपलब्ध झाली पाहिजे. ‘राज्याच्या भाषेत’ हे शब्द आम्ही विचारपूर्वक वापरले आहेत. इंग्रजीतील सांकेतिक दोषक्रमांक ही मेस्त्रीच्या दृष्टीने दुसऱ्या कुलपाइतकीच पक्की वस्तू आहे. मराठीच्या अभिजाततेचा आनंद २०२४ मध्ये आपण साजरा केला. त्या भाषेत ट्रॅक्टरचे दुखणे सांगता येत नसेल तर तो आनंद अर्धाच म्हणावा लागेल.

साहित्याच्या अध्यापकांनी यात काय करावे? विषय आपला नाही, असे म्हणून बाजूला होण्याचा मोह आम्ही समजू शकतो. परंतु अनुवाद, परिभाषा, संहितासंपादन ही कामे आपलीच आहेत. वायरिंगचा नकाशा आणि दोषसंकेतांची सूची मेस्त्रीला कळेल अशा मराठीत आणण्याचे काम एखाद्या मराठी विभागाने शेजारच्या आयटीआयच्या बरोबरीने हाती घेतले, तर ते एम. ए.च्या कित्येक प्रबंधिकांपेक्षा अधिक उपयोगाचे होईल. त्यात आपलाही लाभ आहे. गेली कित्येक वर्षे आपण वर्गात लेखकाच्या मृत्यूची घोषणा करीत आलो आणि ती करताना आपल्याला धाडसी वाटत आले. इंजिनाच्या संगणकातला लेखक मात्र जिवंत आहे, त्याच्याकडे वकील आहेत, आणि वाचकाने पान उघडू नये अशी व्यवस्था त्याने करून ठेवली आहे. लेखकाच्या सत्तेविषयी आपण जे काही शिकवले त्याची खरी परीक्षा या साहित्यप्रकारात आहे.

तूर्त इतके तरी मान्य व्हावे. ज्या संहितेच्या आज्ञेवरून आपल्या रस्त्यावरची हवा बिघडते वा सुधारते, ज्या संहितेमुळे बिद्रीच्या वाटेवर उसाचे ट्रेलर थांबतात वा चालतात, ती खाजगी मालमत्ता असेल, पण ती खाजगी पत्र नव्हे. ती वाचण्याची मुभा कायद्याने आपल्याला दिलेलीच आहे. कंपनीने घातलेले कुलूप त्या मुभेच्या आड येते आणि ते काढून घेण्याची मागणी मेस्त्री आणि शेतकरी यांच्याबरोबर वाचन शिकवणाऱ्यांनीही केली पाहिजे.